आऊचा जोती

दरवर्षी ११ एप्रिलला आपल्या महाविद्यालयात महात्मा जोतिराव फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो. भाषणे होतात. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज या साऱ्यांचा उल्लेख त्यांत येतो आणि तो यावाच. पण त्यांच्या चरित्रातील एका धाग्याविषयी मी अद्याप भाषण ऐकलेले नाही. मला मात्र तोच सर्वांत जवळचा वाटतो, कारण मी स्वतः मावशीच्या घरी वाढलो आहे.

जोतिरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा होता. मूल जेमतेम वर्षाचे असेल-नसेल तोच आई चिमणाबाई वारल्या. अशा वेळी नात्यातल्याच सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने त्या तान्ह्या पोराला पोटाशी धरले. जोतिरावांची हीच आऊ. एका मिशनरी साहेबाकडे ती मुले सांभाळण्याच्या कामाला होती. तिथे तिच्या कानांवर इंग्रजी पडले, आणि शिकल्याने माणसाचे काय होते हेही तिने पाहिले.

पुढे लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी जोतीला शाळेतून काढले व बागेच्या कामाला लावले. आऊला हे बघवले नसणार; पण पराधीन विधवेचा शब्द घरात कितीसा चालणार? शेवटी गफारबेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन जाणत्या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोती पुन्हा शाळेत गेला. मला या प्रसंगातून एवढे कळते, की परक्या कुशीतले मूल वाढवायला माया तर हवीच, पण माया करणाऱ्याच्या पाठीशीही कोणीतरी उभे राहावे लागते.

जोतिरावांनी हे ऋण मनात ठेवले असावे. १८६३ च्या सुमारास त्यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला असलेली तरुण ब्राह्मण विधवा फसवली गेली. लोकलज्जेपायी तिने पोटच्या पोराचा जीव घेऊन त्याला विहिरीत टाकले आणि तिला जन्मभराची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला संपताच जोतिरावांनी, हाताशी पुरेसा पैसा नसताना, आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मणवस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिच्या खुशीचा प्रश्न. बाळंतिणींची व मुलांची सेवा सावित्रीबाईंनी पत्करली.

या कामाचा हिशेब जोतिरावांनी १८८४ साली सरकारला लिहून कळवला. तोवर पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. मुले जगली होती अवघी पाच. पोटात असतानाच आयांनी भीतीपोटी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची गेली, असे त्यांनी नमूद केले. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. वीस वर्षांची खटपट आणि पाच मुले! दुसरा कोणी असता तर त्याने हा आकडा सांगितलाही नसता. जोतिरावांनी तो लपवला नाही आणि दारही लावले नाही.

याच घरात १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला. मूलबाळ नसलेल्या फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. हाच यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. १८८७ साली मृत्युपत्र करून जोतिरावांनी त्याला वारस ठरवले. तरीही १८९० साली जोतिराव वारले तेव्हा, टिटवे धरण्याचा यशवंताला अधिकार नाही, असे म्हणून भाऊबंद आडवे आले. रक्ताच्या नात्याने असा हक्क सांगितला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनी स्वतः हातात घेतले. सार्वजनिक सत्यधर्म हे जोतिरावांचे अखेरचे पुस्तक १८९१ साली छापून प्रसिद्ध केले ते यशवंताने. कोण कोणाचा मुलगा, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्या साथीतच सावित्रीबाई गेल्या. १९०५ साली यशवंतही प्लेगनेच गेला.

आज आपल्या राज्यात आईबापांवाचून नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी दरमहा अनुदान देणारी बालसंगोपन योजना आहे आणि तिला सावित्रीबाईंचेच नाव दिलेले आहे. हे योग्यच झाले. पण अनुदान मिळवायचे तर दाखले, अर्ज, खेटे हे सारे आलेच, आणि थकलेली आजी किंवा मोलमजुरी करणारी मावशी तिथे एकटी पडते. आपल्या वर्गातही अशा घरांतून आलेले मित्रमैत्रिणी आहेत. अर्ज लिहून देणे, कचेरीत सोबत जाणे एवढे तर आपण विद्यार्थी करू शकतो. गफारबेग आणि लिजिटसाहेब यांनी तरी यापेक्षा वेगळे काय केले होते?

येत्या ११ एप्रिलला तसबिरीला हार घालताना मी मनातल्या मनात आऊलाही नमस्कार करणार आहे. आणि घरी गेल्यावर मावशीला तिची गोष्ट सांगणार आहे.