रमाबाईंची वाणी

पंडिता रमाबाईंचा जन्म बोलण्यावर चरितार्थ चालणाऱ्या घरात झाला. कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि त्या 'अपराधा'बद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. घरावर दारिद्र्य आले तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळाच्या सभामंडपात, नदीच्या घाटावर, वडाच्या पारावर बसून पुराण वाचावयाचे व श्रोते जे धान्य-पैसा ठेवतील त्यावर गुजराण करावयाची, असा त्यांचा क्रम होता. लहानगी रमा आईच्या तोंडून ऐकून भागवताचे हजारो श्लोक पाठ करीत असे.

या पुराणवाचनाविषयी रमाबाईंनी पुढे एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांना संस्कृत येत नसे. ऐकले की पुण्य लाभते, एवढीच त्यांची श्रद्धा. अर्थ कोणी विचारीत नसे आणि पुराणिकही तो सांगत नसत. शब्द कानावर पडत, पण मनापर्यंत पोहोचत नसत. रमाबाईंच्या पुढील आयुष्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मद्रास इलाख्यातील दुष्काळात १८७४ साली वडील अन्नावाचून खंगून गेले व पाठोपाठ आईही गेली. मृत्युशय्येवर वडिलांनी धाकट्या मुलीस जवळ घेतले. मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, तू आयुष्यभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचे चार शब्द त्यांनी तिला सांगितले. देव कोणता, हे मात्र त्या मुलीला पुढे स्वतःच शोधावे लागले.

बंधू श्रीनिवासशास्त्र्यांसह पायी भ्रमण करीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते. स्त्रियांच्या सभांतून धर्मशास्त्र सांगता यावे म्हणून त्या शास्त्रग्रंथ वाचू लागल्या, आणि ज्या ग्रंथांची थोरवी आपण गावोगाव गात होतो, ते ग्रंथ स्त्रीविषयी काय म्हणतात, हे पाहून त्यांचे मन हादरले. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन झुगारून विवाह केला. आसामातील सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. रमाबाईंच्या पदरी उरली ती तान्ही मुलगी मनोरमा.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांची व्याख्याने ऐकण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई जात असत आणि त्यासाठी त्यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खावी लागत. सप्टेंबरात हंटर शिक्षण आयोग पुण्यास आला. त्याच्यासमोर पंडिताबाईंनी मराठीत साक्ष दिली. स्त्रिया आपले आजार पुरुष डॉक्टरांना सांगू शकत नाहीत, म्हणून हजारो जणी अकाली मरतात. यास्तव मुलींसाठी शिक्षिका आणि डॉक्टर स्त्रियाच हव्यात, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ती साक्ष आयोगाच्या अध्यक्षांना इतकी महत्त्वाची वाटली की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर छापविले.

१८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. पण वाणी इतकी तेजस्वी असलेल्या या स्त्रीची श्रवणशक्ती मंदावत चालली होती आणि त्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी लंडनजवळ एक आश्रम चालवीत. पतित म्हणून ज्यांना आपल्या देशात कोणी दारात उभे केले नसते, त्यांच्याशी तेथे मायेने बोलले जाते, हे रमाबाईंनी पाहिले. असे का, या त्यांच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. विहिरीपाशी पाणी भरण्यास आलेल्या, परजातीच्या आणि बदनाम स्त्रीशी ख्रिस्त स्वतः होऊन बोलला, एवढीच ती गोष्ट. ख्रिस्ती मतांविषयीचे वादविवाद त्यांनी पुण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी केले होतेच. परंतु विहिरीवरील हा संवाद त्यांच्या अंतःकरणाला भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर त्या मुकाट्याने आज्ञा पाळू लागल्या, असे मात्र झाले नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असताना तरुण पुरुषांनाही शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. भारतात आपण पुरुषांच्या सभांपुढे बोललो आहोत, आता कोणाच्या परवानगीची गरज नाही, असे रमाबाईंनी कळविले. मनाला न पटलेले धर्मसूत्र तोंडाने म्हणण्यासही त्या तयार नव्हत्या.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. बालविधवांच्या दुःखाची हकीकत त्यांच्या मुखाने ऐकून बोस्टनमध्ये १८८७ साली साहाय्यक मंडळ स्थापन झाले. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषद भरली. त्या सभेची एक आठवण सांगितली जाते. रमाबाई बोलावयास उभ्या राहिल्या तरी गलबला थांबेना. त्या निमूटपणे उभ्या राहिल्या. सभा शांत झाल्यावर त्यांनी सांगितले की स्त्रीचा आवाज लहान वाटला तर नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधी तिला तुम्ही कधी दिलीच नाही.

परंतु शब्द दुधारी असतात. पुण्यास हलविलेल्या शारदा सदनात मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस येऊन बसत. सक्ती नव्हती; पण दारही बंद नव्हते. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन लोकांनी धरले होते. प्रार्थना ऐकणे म्हणजे प्रसार की नव्हे, यावरून १८९३ साली वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. लोकांचा संशय निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण आपली प्रार्थना दार लावून, चोरून करावी, हे रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे 'मुक्ती' उभे राहिले. तेथे शाळा, शेती, विणकाम आणि छापखाना होता. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारावर गेली.

या बायकांना मराठी बायबल वाचून दाखविताना रमाबाईंना पुन्हा तोच जुना अनुभव आला. त्या भाषांतरात संस्कृत शब्द फार. ऐकणारीला अर्थ कळत नसे. घाटावरचे ते पुराणवाचन त्यांना आठवले असेल काय? त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि खेड्यातील बाईला ऐकून समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर स्वतः आरंभिले. सुमारे अठरा वर्षे ते काम चालले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, तरी ते थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मराठी चर्चमध्ये त्याचा फारसा प्रसार झाला नाही. तेथे जुनीच भाषा रूढ राहिली. पण त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतील स्त्रियांचे होते, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणींना केडगावला येण्यापूर्वी अक्षराची ओळखही नव्हती.