जॅकचे पुस्तकांचे घर

आई गेली तो दिवस वडिलांच्या वाढदिवसाचा होता. २३ ऑगस्ट १९०८. बेलफास्टच्या कडेला असलेल्या ‘लिटल ली’ या मोठ्या घरात दोन भाऊ मागे राहिले, तेरा वर्षांचा वॉर्नी आणि नऊ वर्षांचा जॅक. हा जॅक म्हणजेच ‘नार्निया’च्या सात पुस्तकांनी जगभरच्या मुलांना वेड लावणारे सी. एस. लुईस. ते ऑक्सफर्डचे म्हणून आपल्याला ठाऊक. पण माणूस आयर्लंडचा.

वडील अल्बर्ट वकील. आई फ्लोरा गणित शिकलेली पदवीधर, तेही एकोणिसाव्या शतकात! जॅकला फ्रेंच आणि लॅटिनचे पहिले धडे तिनेच दिले. अल्बर्टना पुस्तके विकत घेण्याचा नाद, आणि घेतलेले पुस्तक घराबाहेर काढायचे नाही हा बाणा. अभ्यासिका भरली, दिवाणखाना भरला, जिन्याजवळच्या कपाटात दुहेरी रांगा लागल्या, माळ्यावर ढीग साचले. बाहेर पाऊस, आणि भिजून मुले आजारी पडतील ही धास्ती. मग दिवसभर वाचायचे. वाचून झाले की कपडे घालणाऱ्या, बोलणाऱ्या प्राण्यांचे ‘बॉक्सन’ नावाचे राज्य कागदावर उभे करायचे, नकाशे आणि इतिहासासकट.

फ्लोराला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया घरातच झाली. आई बरी व्हावी म्हणून जॅकने देवाला किती विनवले! त्या एका वर्षात अल्बर्टनी वडील, पत्नी आणि भाऊ असे तिघे गमावले. दुःखाने ते चिडचिडे झाले आणि मुलांपासून दुरावले. काही आठवड्यांतच जॅकची रवानगी इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत झाली. तिथले मुख्याध्यापक मुलांना बेदम मारत. पुढे त्यांना वेडे ठरवण्यात आले. अल्बर्टना दोष देणे सोपे आहे. पण घरातली पत्रे, रोजनिश्या त्यांनी जपल्या, म्हणून तर वॉर्नीला पुढे कुटुंबाचे अकरा खंड टंकलिखित करता आले.

१९५५ साली लुईसचे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ प्रकाशित झाले. त्यात एका मुलाची आई मरणपंथाला लागलेली असते आणि त्याने आणलेल्या सफरचंदाने ती बरी होते. पुस्तकात तरी आई वाचली.

१९६० मध्ये त्यांची पत्नी जॉय गेली. पुन्हा कर्करोग, पुन्हा मागे दोन शाळकरी मुलगे. लुईसनी आपला शोक वह्यांत उतरवला आणि १९६१ साली टोपणनावाने छापला. दुःखात आधार होईल म्हणून काही मित्रांनी ते पुस्तक नेमके त्यांनाच भेट दिले!

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस गेले. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली, त्यामुळे ही बातमी झाकोळली. आई गेली त्या दिवशी घरातल्या दिनदर्शिकेवर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधली, मरण सोसण्याविषयीची एक ओळ होती. पंचावन्न वर्षांनी वॉर्नीने तीच ओळ धाकट्या भावाच्या थडग्यावर कोरून घेतली.