ट्रामच्या आधी अलिबाग गाठणारा माणूस

अलिबागहून आलास का, असं होस्टेलमध्ये कुणी कुणाला विचारलं की सगळे हसतात. आम्ही रायगडकरही हसून सोडून देतो. पण मित्रांनो, अलिबागहून येणाऱ्या आकड्यांना विज्ञानाच्या जगात केवढा मान आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. तो मान ज्यांच्यामुळे मिळाला, त्या नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याविषयी मला आज लिहायचं आहे.

मूस यांचा जन्म १८५९ चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या एका प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर मोठं चुंबकीय वादळ झालं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद झाली. पुढे हीच वेधशाळा मूस यांचं आयुष्य व्यापणार होती! एडिंबरोला शिकून ते परतले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय.

तिथे काम कसं चालायचं ते आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे. धाग्याला टांगलेला लोहचुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा, समोर दिवा. चुंबक किंचित जरी हलला तरी आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका सरकतो आणि फिरत्या ढोलावरच्या फोटोच्या कागदावर रेघ उमटते. म्हणजे हा चक्क त्या काळचा ऑप्टिकल सेन्सर! एका दिवसात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण हजारात एक भाग एवढंच बदलतं. एवढा बारीक बदल पकडायचा, तर आजूबाजूला लोखंड नको, वीज नको आणि तापमानाचा चढउतारही नको.

आणि नेमकी १९०० च्या सुमारास मुंबईत विजेच्या ट्राम आणायची ठरली. ट्रामचा करंट रुळांतून आणि जमिनीतून परत जाणार. तो कुलाब्याच्या सुईला सूर्यापेक्षा जास्त नाचवणार, हे उघड होतं. १८४६ पासून चालत आलेली नोंद धोक्यात आली. शहराला ट्राम हवीच होती, ती अडवण्यात अर्थ नव्हता. मूस यांनी नवी जागा शोधली. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडचं अलिबाग. गंमत म्हणजे हा जिल्हाही तेव्हा कुलाबाच होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं.

आपल्याकडचा काळा दगड बांधकामाला उत्तम, पण त्यात चुंबकीय खनिज असतं. म्हणून अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. उपकरणांच्या खोलीत लोखंड येऊ दिलं नाही, आतलं तापमान स्थिर राहील असं बांधकाम केलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं.

पण मला मूस खरे मोठे वाटतात ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलली की आकडा बदलणारच. पण किती बदलतो हे कळलं, तर जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. ही दोन वर्षं वाचवली असती तर साठ वर्षांच्या नोंदी एकट्या पडल्या असत्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर जोडणी पूर्ण झाली होती.

हेच तत्त्व आज एक्स-रे पाहण्याच्या मॉनिटरमध्ये दिसतं. त्यातल्या काहींच्या चौकटीत प्रकाश मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तो बघतो कडेला, डॉक्टर बघतात मध्यभागी आणि पडद्याचा उजेड सगळीकडे सारखा नसतो. मग आधी मध्यभागी बाहेरचं उपकरण लावून दोन्ही ठिकाणी एकदम मोजायचं, त्यांचं नातं साठवायचं आणि पुढे कडेच्या आकड्यावरून मधला उजेड दुरुस्त करायचा. पडदा जुना होताना हे नातंही बदलतं, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासावं लागतं. सेन्सर बसवला की काम संपलं, असं नसतं भाऊ!

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदींचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक चुंबकीय वादळं घेऊन, प्रत्येकाच्या सुरुवातीपासून तास मोजून त्यांनी सरासरी काढली, तेही कॉम्प्युटरशिवाय. त्यातून वादळांचं समान रूप पुढे आलं. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. वादळ येतं तेव्हा उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना अशाच नोंदी उपयोगी पडतात. लॅबमध्ये नवीन मीटर आला की जुना लगेच अडगळीत टाकू नका. दोघांना थोडे दिवस शेजारी बसवा आणि फरक जर्नलमध्ये लिहून ठेवा. मार्क मिळोत न मिळोत, तुमच्यानंतर येणाऱ्या बॅचला जुन्या रीडिंगवर विश्वास ठेवता येईल.