हाल्डेन आणि काळा पतंग

विज्ञानाची एकही पदवी नसलेला मनुष्य जीवशास्त्रात अग्रपूजेचा मान मिळवतो, हे जे. बी. एस. हाल्डेन यांच्या चरित्रातले मला पहिले नवल वाटते. १८९२ साली ऑक्सफर्डला जन्म; वडील नामांकित शरीरशास्त्रज्ञ; पदवी मात्र ग्रीक-लॅटिन विद्यांची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी होऊन ते विश्रांतीसाठी हिंदुस्थानात येऊन गेले होते.

त्यांच्या एका गणिताविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. इंग्लंडात एक पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा पतंग आहे. झाडावरच्या दगडफुलावर (आपल्या गोड्या मसाल्यातल्याच जातकुळीचे ते!) बसला की तो दिसतच नाही. १८४८ साली मँचेस्टरला त्यातला एक काळाकुट्ट नमुना सापडल्याची नोंद आहे. गिरण्यांच्या काजळीने झाडे काळवंडली आणि १८९५ पर्यंत तेथले शंभरांतले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले. हाल्डेन यांनी १९२४ साली, रानात पाऊलही न टाकता, कागदावर हिशेब मांडला. पतंगाची पिढी वर्षाची. एवढ्या थोड्या पिढ्यांत एवढी उलथापालथ व्हायची, तर पांढऱ्याची दोन पिले तगतील तेथे काळ्याची तीन तगली पाहिजेत! निसर्गाची निवड मुंगीच्या पावलांनी चालते असे मानणाऱ्या विद्वानांना हा आकडा पचेना.

जवळजवळ तीस वर्षांनी, १९५३ साली, केटलवेल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले. पाखरांनी पांढरेच अधिक टिपले. १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ रानात नेमके उलट घडले. या प्रयोगांवर पुढे शंका निघाल्या. केंब्रिजच्या मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केलेल्या निरीक्षणांनी त्या फिटल्या.

१९५७ साली महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून हाल्डेन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. देशी पोशाख, शाकाहार आणि पुढे येथले नागरिकत्वही त्यांनी स्वीकारले. महागड्या यंत्रांवाचून काय करता येईल, हे त्यांनी येथल्या तरुणांना दाखवले. माळावरच्या टिटवीची घरटी पाहा, फुलांवर येणारी फुलपाखरे मोजा! मला तर त्यांचे हे काम पतंगाच्या गणिताइतकेच मोलाचे वाटते.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. देह त्यांच्या इच्छेनुसार काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. पतंगाच्या काळेपणाचे मूळ सापडले ते २०१६ साली. आनुवंशिक द्रव्यातला, जागा बदलणारा सुमारे २२,००० अक्षरांचा एक तुकडा एका जनुकात जाऊन बसला होता. ही घटना १८१९ च्या सुमाराची असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणजे मँचेस्टरच्या त्या नोंदीपूर्वी तीसएक वर्षे.