मराठी घरातला हिंदी कवी

मुक्तिबोध हे आडनाव नागपूरकरांना दोन भाषांतून परिचित आहे. मराठीत शरच्चंद्र आणि हिंदीत त्यांचे थोरले बंधू गजानन माधव. एकाच घरातून फुटलेल्या या दोन वाटांचे मूळ कुटुंबाच्या स्थलांतरात आहे.

गजाननरावांच्या पणजोबांनी महाराष्ट्र सोडून ग्वाल्हेर संस्थान गाठले. वडील तिथल्या पोलीस खात्यात होते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला गजाननरावांचा जन्म झाला. घरात मराठी बोलली जाई. आईच्या वाचनात मात्र हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद शेजारीशेजारी नांदत. वडिलांच्या बदल्यांमागे शाळा बदलत गेल्या आणि लेखनाची भाषा हिंदी ठरली. १९४३ साली अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मध्ये त्यांच्या कवितांचा समावेश झाला. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर असे मुक्काम करीत १९४८ साली ते नागपुरात आले.

नागपूर तेव्हा हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होते. आधी माहिती खाते, मग आकाशवाणी अशी नोकरी आणि पाचवीला पुजलेली आर्थिक ओढाताण. येथे मातृभाषा रस्त्यारस्त्यांवर होती. मराठीकडे वळणे अवघड नव्हते. ते वळले नाहीत. धाकट्या भावाची ‘क्षिप्रा’ ही मराठी कादंबरी १९५४ साली आली. त्याच वर्षी थोरल्याने नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली.

ही ओढाताण त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत जाणवते. दक्षिणेकडचा एक खेडवळ मुलगा विद्येसाठी काशीला येतो. एका ओसाड वाड्यात बारा वर्षे शिकतो आणि अखेरीस कळते की गुरू मनुष्य नव्हे, ब्रह्मराक्षस आहे. ज्ञान दुसऱ्याला दिल्याखेरीज त्याला मुक्ती नव्हती. आता तेच ऋण शिष्याच्या माथी येते. घराबाहेर पडलेला मुलगा पूर्वीचा राहत नाही, हे दंतकथेच्या बाजात क्वचितच इतक्या निर्ममपणे सांगितले गेले असेल.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, राजधानीचा मान गेला. मुक्तिबोध आकाशवाणी सोडून ‘नया खून’ या साप्ताहिकात गेले आणि १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात रुजू झाले. स्थैर्य लाभले, पण अल्पकाळच. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दीर्घ आजारानंतर दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. शरच्चंद्र नागपुरातच प्राध्यापकी करीत राहिले. १९७९ साली साहित्य अकादमीने त्यांना मराठीसाठी गौरविले.