आयडा वेल्स : वही घेऊन फिरलेली बाई

सर्व्हे म्हटलं की सिव्हिलवाल्यांना थिओडोलाइट आणि डोक्यावरचं ऊन आठवतं. बाकीच्या ब्रँचेसना आठवतात त्या प्रश्नावल्या आणि पाय चार्ट. पण माणसांना भेटायचं, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि ते कागदोपत्री माहितीशी ताडून बघायचं, हाही सर्व्हेच की! आणि तो कधीकधी जिवावरही बेततो. मला हे कळलं ते आयडा वेल्सच्या चरित्रामुळे.

आयडाचा जन्म १६ जुलै १८६२ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्जचा. आई-वडील गुलाम, त्यामुळे तीही जन्मतः गुलामच. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण १८७८ च्या पिवळ्या तापाच्या साथीने तिचे आई, वडील आणि एक लहान भाऊ नेले. सोळा वर्षांची ही पोर शाळेत मास्तरीण झाली आणि उरलेल्या भावंडांना तिने सांभाळलं. त्या वयात आपण अकरावीच्या क्लासला दांडी कशी मारायची याचा विचार करत होतो!

१८८४ मध्ये रेल्वेच्या डब्यातून तिला काळी म्हणून ओढून बाहेर काढलं. तिने खटला भरला आणि ५०० डॉलर्सची भरपाई जिंकलीसुद्धा. १८८७ मध्ये टेनेसीच्या वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. मग तिने लेखणी हातात घेतली आणि मेम्फिसमधल्या ‘फ्री स्पीच’ या पत्राची ती भागीदार झाली.

खरा घाव बसला मार्च १८९२ मध्ये. तिचा मित्र थॉमस मॉस पोस्टमन होता आणि दोन जोडीदारांबरोबर किराणा दुकानही चालवायचा. दुकान चांगलं चालायला लागलं, ते शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला खुपलं. भांडण पेटलं, तिघांना तुरुंगात टाकलं आणि जमावाने त्यांना तिथून बाहेर काढून गोळ्या घातल्या. अशा झुंडबळींचं समर्थन तेव्हा एकाच कारणाने व्हायचं : काळे पुरुष गोऱ्या बायकांवर बलात्कार करतात म्हणून लोक चिडतात. खुद्द आयडालाही तोवर त्यात थोडंफार तथ्य वाटायचं. पण मॉसने तर कुणाला हातही लावला नव्हता. मग बाकीच्यांचं काय?

इथून तिचं संशोधन सुरू झालं. एका बातमीत होतं, की शेरीफच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला म्हणून एकाला मारलं. आयडा त्या गावी गेली. मुलगी सतरा वर्षांच्या वरची निघाली, आणि त्या माणसाच्या खोपटात ती आपणहून गेली होती. मागच्या आठ वर्षांतले ७२८ बळी तिने तपासले. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांवर बलात्काराचा नुसता आरोप होता, सिद्ध होणं तर दूरच. बाकीचे गेले ते भांडण, उद्धटपणा असल्या कारणांनी.

मला तिची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पुरावा निवडायची पद्धत. आकडे आणि हकिगती तिने मुद्दाम गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतल्या. म्हणजे अतिशयोक्ती केली म्हणायची सोयच उरली नाही!

मे १८९२ मध्ये तिने हे छापलं. ती बाहेरगावी असताना जमावाने छापखाना फोडला आणि परत आलीस तर जीव घेऊ अशी धमकी दिली. ती थांबली नाही. १८९२ मध्ये ‘सदर्न हॉरर्स’ आणि १८९५ मध्ये ‘अ रेड रेकॉर्ड’ या तिच्या पुस्तिका निघाल्या. १८९३ आणि १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन तिने व्याख्यानं दिली. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, पण काम चालूच.

१९१९ मध्ये आर्कान्सामधल्या एलेन इथे कापसाला रास्त भाव मागणाऱ्या काळ्या कुळांची कत्तल झाली. वर फाशीची शिक्षा झाली ती १२ कुळांनाच! आयडा कैद्यांच्या बायका-आयांमध्ये मिसळून, नातेवाईक म्हणून तुरुंगात गेली. प्रत्येकाला विचारलं : किती एकर पेरलं होतं, किती कापूस झाला, जनावरं किती, ते सगळं कुठे गेलं? या नोंदींमधून दंगलीमागचं खरं कारण, म्हणजे पैसा, उघडं पडलं. तिने १९२० मध्ये ते छापलं. वकील स्किपिओ जोन्स आणि इतरांनी कोर्टात झुंज दिली आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

२५ मार्च १९३१ रोजी आयडा गेली. झुंडबळीविरुद्धचा केंद्रीय कायदा काही तिला बघायला मिळाला नाही. तो अमेरिकेत झाला २०२२ मध्ये. त्याआधी २०२० मध्ये तिला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

आपल्या मोबाइलवर रोज कुणाबद्दल तरी काहीतरी फॉरवर्ड होऊन येतं आणि मेसच्या टेबलावर त्याचा निकालही लागतो. तेव्हा मला एवढंच वाटतं, की निदान एकाने तरी विचारावं : तिथे जाऊन कुणी बघितलंय का?