टिळकांचे 190 खिळे आणि आपलं झाइन: सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

मागच्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी रत्नागिरीत एक झाइन काढलं. झाइन म्हणजे स्वतः लिहून, स्वतः पानं मांडून, झेरॉक्सवर छापून वाटलेलं छोटं मासिक. आमचं सोळा पानांचं होतं आणि विषय होता मिरकरवाडा बंदरावर ऐकलेली माशांची नावं. पन्नास प्रती काढल्या, स्टेपल मारले आणि पहिली प्रत आजीला दिली. तिने चष्मा लावला, मुखपृष्ठ बघितलं आणि हे कुठल्या गावाचं नाव म्हणून विचारलं.

'रत्नागिरी' मोडलं होतं. 'त्न' सुटा झाला होता आणि 'गि'ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली होती. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं, पीडीएफ करताना घोळ झाला. आत माशांच्या नावांचीही तीच गत. ज्यांच्याकडून नावं ऐकली, त्यांनाच ती वाचता येईनात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

चूक कुठे झाली ते शोधताना एक नाव समोर आलं, जे मी लहानपणापासून पुतळ्याखाली वाचत आलोय. लोकमान्य टिळक. आपल्याला त्यांची भाषणं आणि तुरुंगवास माहीत असतो. पण हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं छापखान्याच्या जगात वावरला आणि देवनागरी छापायची कशी, या प्रश्नाशीही झटला. त्यांचं आयुष्य या बाजूने बघितलं तर आपल्याला सॉफ्टवेअर निवडायलाही मदत होते.

गणितवाला मुलगा

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा, रत्नागिरीचा. टिळक आळीतलं ते घर आजही बघता येतं. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणितात पक्के. 1866 मध्ये वडिलांची बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्याला गेला. सोळाव्या वर्षी वडीलही गेले. तरी डेक्कन कॉलेजातून 1877 मध्ये गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि 1879 मध्ये एलएल.बी. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं.

जुना छापखाना, खांद्यावर पेट्या

1881 च्या जानेवारीत मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' सुरू झाले. नवी यंत्रं घ्यायला पैसे नव्हते. मंडळींनी वापरलेला छापखाना हप्त्यांवर घेतला आणि टाईपांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या. तोच आर्यभूषण छापखाना. परफेक्ट टूल मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. हा पहिला धडा.

छापलेल्या शब्दाची किंमतही लगेच कळली. कोल्हापूर संस्थानच्या कारभाराबद्दल छापलेल्या मजकुरावरून खटला झाला आणि 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे आगरकरांशी मतभेद झाले आणि 1887 मध्ये 'केसरी'चं संपादकपद टिळकांकडे आलं. काही वर्षांनी दोन्ही पत्रांची मालकी आली, सोबत कर्जही. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. पत्र मात्र चालू राहिलं.

खिळ्यांचा हिशोब

आता मूळ मुद्दा. तेव्हाची छपाई म्हणजे शिशाचे खिळे. एक खिळा म्हणजे एक अक्षर. जुळारी समोरच्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीत मोठी 26, लहान 26, आकडे आणि विरामचिन्हं मिळून काम भागतं. देवनागरीत अक्षरावर मात्रा, खाली उकार, अलीकडे वेलांटी, वर रफार आणि शिवाय जोडाक्षरं. प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा पाडायचा तर संख्या कित्येकशेच्या घरात जाते. जितके खिळे जास्त, तितके खण जास्त, जुळाऱ्याचा हात तितका लांब जाणार, अंक उशिरा निघणार आणि खर्च वाढणार.

1904 च्या सुमारास टिळकांनी हा प्रश्न हातात घेतला. गणितवाल्या माणसाने केलं असतं तेच त्यांनी केलं. कोणते आकार खरंच लागतात आणि कोणते दोन तुकडे शेजारी ठेवून बनवता येतात, याची छाननी. अर्धा 'त' आणि पूर्ण 'न' शेजारी बसत असतील तर 'त्न'चा वेगळा खिळा कशाला? अशा छाटणीतून सुमारे 190 खिळ्यांचा संच उभा राहिला. तोच टिळक टाईप.

भाषेतलं एकही अक्षर त्यांनी काढून टाकलं नाही. कमी केले ते खिळे. म्हणजे यंत्राची सोय केली, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला धक्का न देता. त्याच सुमारास, 1905 च्या डिसेंबरात, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत त्यांनी देशभरासाठी देवनागरी ही समान लिपी असावी अशी मांडणी केली. लिपी देशभर न्यायची तर ती स्वस्तात आणि वेगात छापताही आली पाहिजे, हा हिशोब उघड आहे.

शेवटी नुसती पेन्सिल

1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. तिथे कसला छापखाना? हातात होती पेन्सिल. 1910-11 च्या हिवाळ्यात त्याच पेन्सिलीने त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढलं. 1914 मध्ये सुटका झाली आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून आला. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग आपण काय वापरायचं?

आज खिळे गेले, पण जुळारी आहे. तो सॉफ्टवेअरच्या आत बसलाय. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्यात फक्त 128 जागा आहेत, टिळकांच्या संचापेक्षाही कमी. 'त्न' तिथे नाहीच. आपण त, हलंत आणि न टाइप करतो आणि त्यांचं जोडाक्षर बनवायचं काम शेपिंग इंजिन नावाचा प्रोग्राम फॉन्टच्या मदतीने करतो. अँड्रॉइड, क्रोम आणि लिब्रेऑफिस यांत हार्फबझ नावाचं इंजिन हे काम करतं. आमच्या झाइनमध्ये नेमका हाच जुळारी गैरहजर होता.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना फीचर्सची यादी नंतर बघा. आधी हे बघा:

1. स्क्रायबस: मोफत, झाइनसाठी उत्तम, पण 1.6 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. जुन्या 1.4 मध्ये देवनागरी नीट जुळत नाही.
2. लिब्रेऑफिस रायटर: हेही मोफत. मजकूर जास्त आणि चित्रं कमी असतील तर पुरेसं. छापताना ब्रोशर पर्याय निवडला की पानांचा क्रम तोच लावतो.
3. इनडिझाइन: पैसे भरावे लागतात. मराठीसाठी पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नका.
4. फॉन्ट: युनिकोडचेच घ्या. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे मोफत आहेत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर फोनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

आणि परीक्षा एकच. कोऱ्या पानावर तीन शब्द टाइप करा: रत्नागिरी, अर्धवट, दऱ्या. पहिल्यात जोडाक्षर आणि वेलांटी, दुसऱ्यात रफार, तिसऱ्यात खास मराठीतला अर्धा र. पीडीएफ करा, ती फोनवर उघडा आणि एक पान कागदावर छापून बघा. तिन्ही शब्द कागदावर शाबूत असतील तर ते सॉफ्टवेअर तुमचं. नसतील तर कितीही भारी असू दे, सोडून द्या.

आम्ही स्क्रायबस घेतलं आणि पन्नास प्रती पुन्हा काढल्या. ए-फोरचे चार कागद मधे दुमडले की सोळा पानं होतात, त्यामुळे खर्च फार आला नाही. यावेळी पहिली प्रत छापायच्या आधीच आजीला दाखवली. तिने मुखपृष्ठ सरळ वाचलं, पान उलटलं आणि तारलीची माहिती अपुरी आहे म्हणून आम्हाला पुन्हा बंदरावर पाठवलं.